कुंडलिकेवर कोणाच्या बोटीत बसावं?

एप्रिल उजाडला की कोकणातल्या बहुतेक नद्या वाळूत आणि डबक्यांत विरून जातात. रायगड जिल्ह्यातल्या कोलाडजवळची कुंडलिका मात्र त्या दिवसांतही सकाळी फेसाळत वाहते. याचं कारण घाटावर आहे. पुणे जिल्ह्यात मुळा नदीवर टाटांनी जे मुळशी धरण बांधलं, ज्याच्याविरुद्ध 1921 मध्ये सेनापती बापटांनी सत्याग्रह केला, त्या धरणाचं पाणी घाटाखाली भिऱ्याच्या वीजघरात उतरतं. 1927 पासून तिथे वीज तयार होते आहे. टर्बाइन फिरवून झालं की ते पाणी पुढे कुंडलिकेत सुटतं. एरवी भीमेमार्गे पूर्वेला गेलं असतं ते पाणी असं पश्चिमेला वळलं आणि त्याच्याच जोरावर कोलाडचं राफ्टिंग वर्षभर चालतं.

कंपनी निवडताना ही गोष्ट आधी ध्यानात घ्यावी. कोलाडला सगळ्या कंपन्यांचा मार्ग जवळपास एकच, पाणी एकच, आणि ते साधारण सकाळी सुटत असल्यामुळे वेळही एकच. ‘आमच्याकडे जास्त थरार’ ही जाहिरात त्यामुळे फारशी कामाची नाही. थरार नदी देते आणि तो सगळ्यांना सारखाच मिळतो. कंपनीचं स्वतःचं असं त्यात काय असतं? गाईड, सामान आणि ‘आज बोट सोडायची नाही’ हे सांगण्याची तयारी.

फोनवर पहिला प्रश्न विचारावा तो हा : बोटी तुमच्या स्वतःच्या आहेत की दुसऱ्याच्या? राफ्टिंगचं पॅकेज रिसॉर्टवाले विकतात, ट्रेकिंगचे ग्रुप विकतात, इन्स्टाग्रामवरची पानंही विकतात. यातल्या अनेकांचा नदीशी संबंध फक्त कमिशनपुरता. नदीवर प्रत्यक्ष तुमची जबाबदारी कोण घेणार, त्याचं नाव आधी कळलं पाहिजे. ते कळलं की नोंदणी विचारता येते. महाराष्ट्राने 2021 मध्ये साहसी पर्यटनाचं धोरण आणलं, त्यानुसार अशा व्यावसायिकांनी पर्यटन संचालनालयाकडे नोंदणी करणं अपेक्षित आहे. हृषीकेशला तर 2018 मध्ये उच्च न्यायालयाने नियम होईपर्यंत राफ्टिंगच थांबवलं होतं. प्रमाणपत्र म्हणजे सुरक्षिततेची हमी नव्हे. पण ते मागितल्यावर जो चिडतो, त्याच्याकडे पैसे भरायची घाई करू नये.

दुसरा प्रश्न नदीविषयीचा : त्या दिवशी पाणी किती असेल आणि कुठल्या ग्रेडचं? खळाळांची अवघडता जगभर एक ते सहा अशा ग्रेडमध्ये मोजतात. एक म्हणजे जवळजवळ संथ, सहा म्हणजे अट्टल कसलेल्यांनीही दहादा विचार करावा असं. कुंडलिका साधारण दोन-तीनच्या घरात मोडते. पण ग्रेड काही दगडावर कोरलेली नसते, पाणी चढलं की तोच खळाळ वेगळा होतो. गोव्यात वाळपईच्या बाजूला म्हादईवर राफ्टिंग होतं ते पावसाळ्यातच, कारण तिथे पाऊस हाच पाण्याचा स्रोत. उलट हृषीकेशला गंगेवर ऐन पावसाळ्यात राफ्टिंग बंद असतं. कुंडलिकेचं वेळापत्रक वीजनिर्मितीवर ठरतं. ‘कधीही या, कितीही वाजता या’ असं सांगणाऱ्याला एकतर आपली नदी कळलेली नाही किंवा फक्त बुकिंग हवं आहे.

पुढची परीक्षा काठावर. लाइफ जॅकेट घातल्यावर कोणाला तरी खांद्याच्या पट्ट्या धरून ते जोरात वर ओढायला सांगा. जॅकेट हनुवटीवरून नाकापर्यंत सरकलं, तर पाण्यात ते तुम्हाला नाही, स्वतःलाच तरंगवेल. बकल तुटलेलं, फोम चेपून पापडासारखा झालेला, असं जॅकेट निमूट परत करावं आणि दुसरं मागावं. हेल्मेट डोक्यावर हलता कामा नये. चांगली कंपनी हे सगळं तुमच्या आधी स्वतःच तपासते, एकेकाच्या पट्ट्या आवळत जाते.

मग गाईडची सूचना ऐका. सूचना किती वेळ चालते यापेक्षा तिच्यात काय आहे ते महत्त्वाचं. वल्ह्याच्या टोकाची आडवी मूठ सोडायची नाही, नाहीतर ती शेजाऱ्याचे दात पाडते, हे सांगितलं का? पाण्यात पडलात तर पाठीवर व्हा, पाय प्रवाहाच्या दिशेने पुढे आणि बोटं वर ठेवा, हे करून दाखवलं का? आणि सगळ्यात मोलाचं : वाहत्या पाण्यात उभं राहायचा प्रयत्न करू नका. पाणी कमरेइतकंच असलं तरी पाय दगडांच्या फटीत अडकला की मागून येणारा प्रवाह माणसाला पुढे लोटून पाण्याखाली दाबतो. पोहता येणाऱ्यांनाही हा धोका तितकाच. हे न सांगता ‘चला, फॉरवर्ड!’ म्हणणारा गाईड कितीही हसवणारा असला तरी कच्चाच.

बोट निघताना आजूबाजूला पाहा. गाईडजवळ पिशवीत भरलेली फेकदोरी आहे का? सोबत सुरक्षेसाठी कयाकवाला आहे का? बोटीतून पडलेल्या माणसापर्यंत छोटी कयाक राफ्टपेक्षा कितीतरी लवकर पोहोचते. निदान दुसरी राफ्ट तरी सोबत हवी. एकट्या बोटीने निघणं म्हणजे ती उलटली तर मदतीला कोणीच नाही.

सहीसाठी येणारा कागदही बोलका असतो. हृदयविकार, अपस्मार, गरोदरपण, नुकतंच झालेलं ऑपरेशन यांची चौकशी करणारा कागद तुमच्यासाठी असतो. ‘काही झाल्यास आम्ही जबाबदार नाही’ एवढंच म्हणणारा त्यांच्यासाठी. रात्रभर पार्टी करून आलेल्या ग्रुपला ही कंपनी बोटीत घेते का, हेही पाहावं. आज त्यांना नकार न देणारा उद्या चढलेल्या पाण्यालाही नकार देणार नाही.

दरात पाच-सातशेचा फरक दिसला की तो कुठून आला ते विचारायला हवं. बोट सगळ्यांना लागतेच. काटछाट होते ती कयाकवाल्यात, गाईडच्या प्रशिक्षणात आणि जुनी जॅकेटं वेळेवर बदलण्यात, म्हणजे फोटोत न दिसणाऱ्या गोष्टींत. म्हणून पैसे भरण्यापूर्वी शेवटचा प्रश्न असा विचारावा : कुठल्या परिस्थितीत तुम्ही ट्रिप रद्द करता, आणि तेव्हा पैसे परत देता का? ‘आमची ट्रिप कधीच रद्द होत नाही’ असं उत्तर आलं, तर दुसऱ्या कंपनीला फोन लावा.