आजारी ऊसतोड कामगार आणि मुकादमाचे कर्तव्य

आजारपणात मिळणारी विश्रांती हा उपचाराचाच भाग होय. राज्य कामगार विमा योजनेतील विमाधारक कामगारास अशा काळात वर्षाकाठी ९१ दिवसांपर्यंत वेतनाच्या सुमारे ७० टक्के रक्कम मिळते. बीड जिल्ह्यातून दरवर्षी दिवाळीच्या सुमारास परजिल्ह्यात व परराज्यात जाणाऱ्या ऊसतोड कामगारांना मात्र आजारपणाची रजा ठाऊक नाही.

येथे पती-पत्नी मिळून एक 'कोयता' धरला जातो. मुकादमाकडून हंगामापूर्वीच उचल घेतलेली असते. ती तोडलेल्या उसाच्या वजनावर फेडायची असते. एक आजारी पडला की जोडीचेच काम अडते. त्यातच 'खाडा' धरून पैसे कापले जातात. म्हणून आजार अंगावर काढला जातो. पाळीचा त्रास व खाडे टाळण्यासाठी तरुण स्त्रिया गर्भाशय काढून टाकतात, असे पुढे आल्यावर २०१९ मध्ये शासनाने डॉ. नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली. जिल्ह्यात पाहणी केलेल्या ८२,३०९ महिलांपैकी १३,८६१ जणींची ही शस्त्रक्रिया झाल्याचे आढळले. म्हणजे सहा जणींत साधारण एक. गर्भाशयासोबत अंडाशयेही काढल्यास अकाली रजोनिवृत्ती येते व हाडे ठिसूळ होऊ लागतात. त्या देहाने पुन्हा मोळ्याच उचलायच्या असतात.

कामगाराचा प्रत्यक्ष व्यवस्थापक मुकादमच असल्याने पुढील गोष्टी त्याच्या हाती आहेत :

१. डॉक्टरांची चिठ्ठी असल्यास खाडा धरू नये; उचलीची फेड पुढे ढकलावी.

२. जोडीदारास दुसऱ्या कोयत्यासोबत काम द्यावे, म्हणजे घरची मिळकत थांबणार नाही.

३. पोटाच्या मोठ्या शस्त्रक्रियेनंतर साधारण सहा आठवडे ओझे उचलू देऊ नये. नंतर हलक्या कामापासून आरंभ करावा.

४. क्षयरोगाचे औषध सहसा सहा महिने चालते. स्थलांतरात ते खंडित होऊ नये म्हणून उपचाराचे कागद सोबत ठेवण्यास सांगावे व तळाजवळच्या आरोग्य केंद्रात नोंद करवावी.

५. प्रकृतीची विचारपूस जरूर करावी, परंतु आजाराची वाच्यता टोळीत करू नये.

अर्थात, साराच भार मुकादमावर टाकणे न्याय्य नाही. त्याच्यावरही कारखान्याच्या उचलीचा बोजा असतो. आजारपणाचा खर्च कारखान्यांनीही उचलला पाहिजे. ऊसतोड कामगारांसाठी २०१९ मध्ये स्थापन झालेल्या कल्याण महामंडळाकडूनही हीच अपेक्षा आहे. रुग्णालय औषध देऊ शकते. विश्रांती मात्र काम देणाऱ्यानेच द्यावी लागते.