ग्रंथालय-सेवकांचे नवे शिक्षण : कुर्ला परिसराच्या निमित्ताने

साहित्याच्या अभ्यासकाला ग्रंथालयावाचून गत्यंतर नाही; परंतु ग्रंथालयातील सेवक कोणते काम कोणत्या साधनांनी करतो, याचा विचार साहित्याभ्यासात क्वचितच होतो. आज सार्वजनिक ग्रंथालयांत संगणकीय सूची, व्हॉट्सॲप, फेसबुक यांचा वापर होऊ लागला आहे आणि त्यासाठी सेवकांच्या कार्यशाळाही भरतात. त्यांत बहुधा कोठे काय दाबावे एवढेच शिकविले जाते. हे शिक्षण मूलतः यंत्राचे नसून सूचीकरणाचे, म्हणजेच भाषेचे आणि ग्रंथांविषयीच्या जाणकारीचे आहे, असे प्रस्तुत लेखाचे प्रतिपादन आहे.

नव्या साधनासाठी सेवकांना शिकविण्याची गरज नवी नाही. सयाजीराव गायकवाड यांनी १९१० साली विल्यम बॉर्डन या अमेरिकन ग्रंथपालास बडोद्यास पाचारण केले व १९११ मध्ये तेथे ग्रंथपालांचा प्रशिक्षणवर्ग सुरू झाला. १९१२ पासून 'लायब्ररी मिसेलनी' हे नियतकालिक इंग्रजी, गुजराती आणि मराठी या तीन भाषांत निघू लागले. वर्गीकरण आणि तालिकापत्रे ही त्या काळची नवी साधने होती. ती सेवकाला त्याच्या भाषेत समजावून दिली पाहिजेत, हे बडोद्यात तेव्हाच ओळखले गेले होते. आजच्या कार्यशाळांनी निदान एवढा धडा त्यातून घ्यावा.

आता कुर्ल्याचा विचार करू. मुंबई-ठाणे रेल्वे १८५३ साली याच भागातून धावली. जमशेटजी टाटांची स्वदेशी मिल १८८६ पासून येथे होती. पुढे प्रीमियर ऑटोमोबाइल्सचा मोटारींचा कारखाना आला. आज दोन्ही बंद आहेत. गिरणी व कारखान्यांतील कामगार, नेहरूनगरसारख्या वसाहतींतील मध्यमवर्गीय, जुन्या गावठाणांतील ईस्ट इंडियन ख्रिस्ती आणि मोठा उर्दूभाषक समाज येथे शेजारी राहत आला. अशा वस्तीत छापलेला मजकूर नामवंत प्रकाशनसंस्थांच्या सूचीत सापडत नाही. कामगार संघटनांची पत्रके, नाट्यस्पर्धांच्या पुस्तिका, गणेशोत्सव मंडळांच्या स्मरणिका, शाळांची वार्षिके, दोन-तीन वर्षे चालून बंद पडलेले दिवाळी अंक हे त्याचे स्वरूप. शंकर गणेश दाते यांच्या 'मराठी ग्रंथसूची'ने १८०० ते १९५० या काळातील ग्रंथांची नोंद परिश्रमपूर्वक केली. परंतु असा किरकोळ आणि उत्तरकालीन मजकूर तिच्या कक्षेबाहेर राहणे अपरिहार्य होते. तो आढळलाच तर एखाद्या लहान वाचनालयाच्या माळ्यावर, आणि तो तेथे आहे हे त्या सेवकालाच ठाऊक असते.

या ज्ञानाची नोंद बाहेर नसेल तर काय होते, याची कल्पना २६ जुलै २००५ च्या पुरावरून येते. त्या दिवशी सांताक्रूझ येथे चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस नोंदला गेला, मिठी नदीला पूर आला आणि कुर्ला-कलिना भागांतील तळमजले पाण्याखाली गेले. ज्या संस्थेचे ग्रंथ आणि दाखल नोंदवही एकाच खोलीत असतात, तिचे ग्रंथ भिजले की काय नष्ट झाले हे सांगणारा कागदही भिजतो. सूचीची एक प्रत संस्थेबाहेर, संगणकीय साठवणीत असणे ही म्हणून संग्रहाच्या रक्षणाची पहिली पायरी आहे. कोहासारखी मुक्त संगणकप्रणाली किंवा राष्ट्रीय सूचनाविज्ञान केंद्राची 'ई-ग्रंथालय' ही प्रणाली यासाठी उपलब्ध आहे. तेही शक्य नसेल तेथे साधा तक्ता चालेल.

परंतु तक्ता भरताना भाषेचा प्रश्न उभा राहतो. पूर्वी अनेक संस्थांनी मराठी टंकलेखन अशा फॉन्टांत केले, की ज्यांत रोमन अक्षरांच्या जागी देवनागरी आकृत्या बसविलेल्या असत. तो फॉन्ट नसलेल्या संगणकावर मजकूर निरर्थक दिसतो आणि शोधयंत्राला तो मराठी म्हणून ओळखता येत नाही. १९९१ पासून युनिकोड या जागतिक संकेतप्रणालीत देवनागरीला स्वतंत्र स्थान असल्याने नोंदी तीतच केल्या पाहिजेत. तेवढ्यानेही काम संपत नाही. 'ॲरिस्टॉटल' या शब्दातील पहिले अक्षर घ्या. 'ॲ' हे स्वतंत्र अक्षर युनिकोडमध्ये २००८ साली आले. तत्पूर्वी कोणी 'अ'ला चंद्र जोडून ते लिहीत, तर कोणी 'ऍ' वापरीत. पहिली दोन रूपे डोळ्यांना सारखी दिसतात, पण संगणकाला ती निराळी. एका सेवकाने एका रूपात केलेली नोंद दुसऱ्या रूपाने शोधणाऱ्यास मिळेलच, याची खात्री नसते.

शुद्धलेखनाचे तसेच आहे. १९६२ च्या नियमांनी अनुच्चारित अनुस्वार गेले. पण जुनी मुखपृष्ठे बदलली नाहीत. हरि नारायण आपटे यांच्या कादंबरीच्या जुन्या आवृत्तीवर 'लक्षांत' असे छापलेले असेल आणि विद्यार्थी 'लक्षात' असे टंकित करील. ग्रंथावरील रूप जसेच्या तसे नोंदवून प्रचलित रूप पर्यायी शीर्षक म्हणून देणे हा यावरील उपाय होय. 'कुसुमाग्रज' आणि वि. वा. शिरवाडकर, 'गोविंदाग्रज' आणि राम गणेश गडकरी ही नावे परस्परांशी जोडणे हे जुन्या सूचीकाराचे नित्याचे काम होते. यंत्र ते आपण होऊन करीत नाही. ते सेवकानेच करावे लागते.

दुसरे अंग वाचकाशी संवादाचे. देवघेव खिडकीवर बसणारा सेवक वाचकाचा कल ओळखतो आणि नवे पुस्तक आले की त्याच्यासाठी बाजूला काढून ठेवतो. समाजमाध्यम ही याच ओळखीची वाढलेली खिडकी आहे. रोज सुविचार आणि सणांच्या शुभेच्छा पाठविणारे खाते वाचक लवकरच पाहीनासे होतात. उलट, 'आज दाखल झालेली पाच पुस्तके' किंवा 'या स्मरणिकेतील छायाचित्रातील व्यक्ती कोणी ओळखतील काय?' अशी नोंद संग्रहाकडे लक्ष वेधते आणि कधी संग्रहात भरही घालते. येथे एक सावधगिरी आवश्यक आहे. व्हॉट्सॲपच्या सामान्य गटात प्रत्येक सभासदाचा दूरध्वनी क्रमांक इतरांना दिसतो. स्त्री-वाचकांना याचा उपद्रव होऊ शकतो. प्रसारण यादीने किंवा २०२३ पासून भारतात उपलब्ध झालेल्या 'चॅनेल'ने तोच निरोप क्रमांक उघड न करता देता येतो. कोणी कोणते पुस्तक नेले ही माहितीही कोणत्याही माध्यमावर जाता कामा नये.

तिसरे अंग कायद्याचे. वाचक सेवकाकडे पुस्तकाची पीडीएफ मागतात आणि नकार देणे त्याला जड जाते. भारतीय कायद्याने लेखकाच्या निधनानंतरच्या वर्षापासून साठ वर्षे स्वामित्वहक्क टिकतो. १९५० साली निवर्तलेल्या साने गुरुजींचे लेखन २०११ पासून मुक्त आहे. २००० साली निवर्तलेल्या पु. ल. देशपांडे यांचे लेखन २०६० अखेरपर्यंत मुक्त होणार नाही. २०१२ च्या दुरुस्तीने, मूळ प्रत संग्रही असल्यास जतनासाठी तिचे संगणकीय रूप ठेवण्याची मुभा अव्यावसायिक ग्रंथालयास दिली. ते वाटण्याची नव्हे. हा भेद समजलेला सेवक संस्थेला अडचणीतून वाचवितो आणि मुक्त झालेले दुर्मीळ ग्रंथ निर्धास्तपणे वाचकांपुढे ठेवू शकतो.

हे सारे शिकविण्याची व्यवस्था काय असावी? १९६७ च्या अधिनियमाखालील शासनमान्य ग्रंथालयांचा कारभार मुख्यतः परिरक्षण अनुदानावर चालतो आणि लहान संस्थांतील सेवकाचे वेतन तुटपुंजे असते. त्याच्याकडून स्वतःच्या भ्रमणध्वनीवर, स्वतःच्या खर्चाने हे काम अपेक्षिणे अन्यायाचे आहे. खाते संस्थेच्या नावे आणि त्याचा संकेतशब्द कार्यवाहांपाशीही असावा, म्हणजे सेवक बदलला तरी खाते हरवत नाही. कामाच्या वेळातील आठवड्याचे दोन तास शिकण्यासाठी राखावेत. प्रशिक्षणासाठी काल्पनिक उदाहरणांऐवजी त्याच संग्रहातील पन्नास पुस्तके घ्यावीत, म्हणजे वर्ग संपताना पन्नास शुद्ध नोंदी तयार असतील.

यात विद्यापीठीय मराठी विभागांचाही वाटा आहे. विद्यानगरी संकुलात येणारे अनेक विद्यार्थी कुर्ला स्थानकावर उतरूनच तेथे जातात. त्यांतील काहींनी वाटेवरच्या एखाद्या वाचनालयात बसून टोपणनावे जुळविण्यास, नियतकालिकांचे अंक तपासण्यास साहाय्य केले, तर सेवकाला साहित्याचे जाणकार मिळतील आणि विद्यार्थ्याला संशोधनाचे अस्पर्शित साधन. कामगारवस्तीतील वाङ्मयव्यवहारावर उद्या कोणी प्रबंध लिहू लागला, तर त्याला काय उपलब्ध असेल, हे त्या वाचनालयातील सेवकाने आज केलेल्या नोंदींवर अवलंबून राहील.