धोनी बाद झाला आणि सर्व्हरला घाम फुटला

१० जुलै २०१९. मँचेस्टरला विश्वचषकाची उपांत्य लढत पावसामुळे दुसऱ्या दिवसावर गेलेली. भारताला न्यूझीलंडविरुद्ध २४० धावा हव्या होत्या. त्या डावात एकट्या हॉटस्टारवर एकाच वेळी सामना पाहणाऱ्यांचा आकडा अडीच कोटींच्या वर गेला. मग गप्टिलची फेक थेट यष्ट्यांवर बसली, धोनी धावबाद झाला, आणि लोकांनी धडाधड ‘बॅक’चं बटण दाबलं.

गंमत अशी, की अ‍ॅप चालवणाऱ्यांना धडकी भरते ती इथे. सामना सोडलेला माणूस येतो मुखपृष्ठावर, आणि ते पान ज्याचं त्याला वेगळं दाखवायचं असतं: कुणाची अर्धी राहिलेली मालिका, कुणाच्या आवडीचे सिनेमे. निराश होऊन निघालेल्या गर्दीचीसुद्धा तयारी ठेवावी लागते.

दूरदर्शनच्या वरळीच्या मनोऱ्याला ही चिंता कधी नव्हती. १९८७-८८मध्ये रविवारी सकाळी ‘रामायण’ लागलं, की रस्ते ओस पडायचे, पण मनोऱ्याला त्याचा पत्ताही नसे. हवेत सोडलेली लहर तीच; ती एका ॲंटेनाने पकडली काय आणि लाखांनी पकडली काय, वीज तेवढीच जळणार. सगळी धावपळ प्रेक्षकाची. आंघोळी, नाश्ता उरकून वेळेवर हजर व्हायचं. चुकला तो भाग चुकला. स्ट्रीमिंगने प्रेक्षकाच्या मानेवरचं ते घड्याळ काढलं आणि सगळा भार यंत्रांवर टाकला. पंगत उठली, आता प्रत्येकाला त्याच्या भुकेच्या वेळी घरपोच डबा.

हा डबा भरतात कसा? सिनेमाचे काही सेकंदांचे तुकडे करतात. सहा सेकंदांचा एक धरला, तर दोन तासांचे १२०० तुकडे. प्रत्येक तुकडा धूसरपासून लख्खपर्यंत पाच-सहा प्रतींमध्ये तयार. आणि कोणती प्रत हवी, हे बहुतेक वेळा आपला फोनच ठरवतो! लोकलमध्ये रेंज गेली, की तो हलकी प्रत मागवतो. नायिकेचा चेहरा जरा पुसट होतो, पण गाणं तुटत नाही. पुढच्या स्टेशनात रेंज आली, की चेहरा पुन्हा स्वच्छ. दर काही सेकंदांनी ही घासाघीस चाललेली असते आणि आपल्याला वाटतं, सिनेमा सलग चाललाय.

तुकडे येतातही फार लांबून नाही. नेटफ्लिक्स आपली साठवणुकीची यंत्रं इंटरनेट पुरवणाऱ्या कंपन्यांच्या जागेतच ठेवते. उद्या या भागातले लोक काय बघतील याचा अंदाज बांधून, वर्दळ कमी असते अशा वेळी, बहुधा रात्री, ती भरून ठेवतात. म्हणजे आपण झोपलेले असताना आपला उद्याचा सिनेमा जवळपास येऊन बसलेला असतो. मला तरी हे थक्क करतं.

थेट सामन्याचं मात्र असं आधी भरून ठेवता येत नाही. चेंडू पडल्यावरच तुकडा कापायचा, प्रती काढायच्या, पाठवायच्या. शिवाय फोन दोन-चार तुकडे हाताशी ठेवूनच चित्र सुरू करतो. त्यामुळे केबलवर सामना पाहणाऱ्या शेजाऱ्यांची आरोळी भिंतीपलीकडून येते, तेव्हा आपल्या फोनवर गोलंदाज अजून रनअपच्या टोकाला पँटवर चेंडू घासत असतो. तरीही १९ नोव्हेंबर २०२३च्या विश्वचषकाच्या अंतिम सामन्याला हॉटस्टारवरच ५.९ कोटी लोक एकाच वेळी होते. मनोऱ्याला जे फुकटात जमायचं, ते या व्यवस्थेत सर्वांत अवघड काम आहे.

सवयी बदलल्या त्या क्रिकेटपेक्षा मालिकांमध्ये जास्त. रोजच्या मालिकेत एक धक्कादायक वाक्य आलं, की ढॅण् ढॅण् संगीत आणि तिघांच्या चेहऱ्यांवर तीनतीनदा कॅमेरा. हसतो आपण; पण स्वयंपाकघरात फोडणी देणाऱ्या बाईला कानांनीच कथा कळावी आणि तिला बाहेर येऊन चेहरे बघायला सवड मिळावी, अशी ती सोय होती. आता तीच बाई आजचा भाग अ‍ॅपवर टीव्हीच्या आधी बघते, गॅस बंद करून, आणि ढॅण् ढॅण् सुरू झालं की बोटाने दहा सेकंद पुढे ढकलते. लेखकांनी अजून ते चेहरे काढलेले नाहीत, कारण दिवाणखान्यातला टीव्हीही चालूच आहे आणि त्याच्यासमोर सासूबाई बसलेल्या आहेत.