देठापाशी होणारा निवाडा

सप्टेंबर सरत आला की वरूड-मोर्शीच्या पट्ट्यात सकाळी बागेत शिरणारा माणूस आधी खाली पाहतो, मग वर. रात्रीतून किती फळं पडली, हा आंबिया बहर धरलेल्या संत्रा बागायतदाराचा दिवसातला पहिला हिशेब. पडलेलं फळ उचलून पाहावं. सालीवर रसशोषक पतंगाच्या सोंडेचं छिद्र असलं किंवा देठाकडून सड आत शिरलेली असली, तर कारण हाती लागतं. पण कितीतरी फळांवर काहीच नसतं. साल नितळ, देठाची जागा स्वच्छ. तरी फळ मातीत.

या बिनरोगाच्या आजारांना शास्त्रात शारीरक्रियात्मक विकृती म्हणतात. फळगळ, साल सुटून फळ फोपसं होणं, लिंबू तडकणं, फोडी कोरड्या पडणं ही त्यांची रूपं. त्यांचा गुन्हेगार बाहेरून आलेला नसतो. बिघाड झाडाच्या स्वतःच्या कारभारात असतो, म्हणून तो शोधायलाही झाडाच्या आतच जावं लागतं.

संत्रा-लिंबू वर्गातल्या फळांना वाहिलेली देशातली मोठी संस्था नागपुरात, अमरावती रोडवर आहे. 1985 साली बंगळूरच्या भारतीय बागवानी संशोधन संस्थेचं प्रयोग केंद्र म्हणून तिची सुरुवात झाली. आज ती केंद्रीय लिंबूवर्गीय फळ संशोधन संस्था म्हणून ओळखली जाते. मिलिमीटरहूनही लहान शेंडा काचेच्या नळीतल्या रोपावर बसवून विषाणूमुक्त कलमं करण्याचं काम इथे चालतं. जंबेरी आणि रंगपूर लाइमसारखे खुंट, ठिबक, खतं, काढणीनंतरची निगा हे सगळं तिच्या कामात येतं. अकोल्याचं डॉ. पंजाबराव देशमुख कृषी विद्यापीठही याच प्रश्नांना भिडलेलं आहे.

फळ गळतं म्हणजे ते तुटत नाही. झाड ते सोडतं. देठाशी मोजक्या पेशींचा एक गळथर असतो. फळातून येणारं ऑक्सिन हे संप्रेरक त्या थरातून वाहत असतं, तोवर थर शांत राहतो. ऑक्सिन घटलं आणि इथिलीन हे दुसरं संप्रेरक वाढलं की तिथली जनुकं जागी होतात. पेशींना जोडून ठेवणारं पेक्टिन आणि पेशीभित्तीतलं सेल्युलोज विरघळवणारी विकरं तयार होतात. सांधा सैल होतो, उरलेलं काम फळाचं वजन करतं. कोवळं फळ देठासकट पडतं. मोठं फळ मात्र देठाची हिरवी चांदणी फांदीवरच ठेवून जातं, कारण वयाप्रमाणे गळथराची जागा बदलते.

आता काळ्या जमिनीतली पावसाळी बाग डोळ्यांसमोर आणा. पाणी साचलं, मुळांची हवा तुटली. गुदमरलेल्या मुळांत एसीसी नावाचा पदार्थ साठतो. तो रसाबरोबर वर चढतो आणि वर ऑक्सिजन मिळताच त्याचं इथिलीन होतं. ताणानंतर एकदम भरपूर पाणी मिळालं तरी असाच घाला पडू शकतो. बुंध्याशी तुंबलेलं पाणी देठापर्यंत पोचतं ते असं.

दुसरा आजार, फोडी कोरड्या पडण्याचा, फळ सोलल्यावरच कळतो. बाहेरून पिवळंधमक संत्रं, आत फोडी पांढुरक्या, चावायला चिवट. रसाच्या इवल्या पिशव्यांच्या भिंती जाड होतात, त्यांत लिग्निन साठतं. लिग्निन म्हणजे लाकडाला कठीणपणा देणारा पदार्थ. तो बनवणारी जनुकं अशा फळांत अधिक चालतात, साखर आणि आंबटपणा दोन्ही उतरतात. फळाच्या पोटात लाकूड धरू लागतं, असंच म्हणायचं.

ही जनुकं वाचण्याची वाट गेल्या काही वर्षांत मोकळी झाली. चिनी शास्त्रज्ञांनी गोड संत्र्याच्या जनुकसंचाचा आराखडा 2013 मध्ये मांडला. 2018 मधल्या आंतरराष्ट्रीय अभ्यासाने लिंबूवर्गीय फळांचं मूळ हिमालयाच्या आग्नेय पायथ्याशी दाखवलं. आपल्या नागपुरी संत्र्याला 2014 मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं. नावाला असं संरक्षण मिळालं, तशीच या फळाच्या जनुकांची ओळखही आपल्याच प्रयोगशाळांत पक्की व्हायला हवी.

हे ज्ञान बागेपासून दूर नाही. फळगळीसाठी विदर्भात 100 लिटर पाण्यात दीड ग्रॅम 2,4-डी किंवा जिबरेलिक आम्ल आणि एक किलो युरिया अशी शिफारस असते. 2,4-डी हे कृत्रिम ऑक्सिन. ते गळथराला गप्प ठेवतं. तेच मोठ्या मात्रेत तणनाशक आहे. मात्रेचा काटा इतका बारीक असताना दुकानदाराच्या सांगण्यावर चार औषधं एकत्र कालवून मारणं म्हणजे पैशाची आणि झाडाची दोन्हीची नासाडी. बुरशीनाशक गळथरापुढे काय करणार?

माझं मत स्पष्ट आहे: रेणूंच्या या शास्त्राची पहिली भेट नवी बाटली नसून नवी नजर आहे. ही नजर प्रत्येक शिवारात पोचवणं संस्थांचं कर्तव्य आहे, आणि ती मागणं बागायतदारांचा हक्क. तोवर एवढं करा. पंप खांद्याला लावण्याआधी दहा पडकी फळं उचला, देठ पाहा, दोन फळं कापा. देठ स्वच्छ असेल, तर औषधाच्या दुकानाआधी बागेतला पाण्याचा चर पाहायला जा.