विश्लेषण : बागेतून हकालपट्टी की गुहेतून सुटका? माणसाच्या जन्माची गोंडी कथा काय सांगते?

माणूस कसा जन्मला आणि कुठे चुकला, याचे उत्तर प्रत्येक समाजाने आपापल्या कथेत दिले आहे. चंद्रपूर-गडचिरोलीच्या जंगलातील गोंड आणि माडिया समाजाची कथा बायबलमधील आदम-हव्वेच्या कथेपेक्षा बरीच वेगळी आहे. २०२७ च्या जनगणनेच्या पार्श्वभूमीवर ही कथा पुन्हा चर्चेत का आहे?

कचारगडची कथा काय आहे?

माघ पौर्णिमेला गोंदिया जिल्ह्यातील सालेकसा तालुक्यात कचारगडच्या गुहेजवळ मोठी यात्रा भरते. चंद्रपूर, गडचिरोलीसह मध्य प्रदेश, छत्तीसगड, तेलंगणातून भाविक दरेकसा स्थानकावर उतरतात आणि डोंगर चढून गुहेपर्यंत जातात. आपले पूर्वज याच गुहेतून बाहेर आले, अशी त्यांची श्रद्धा आहे.

यात्रेत सांगितल्या जाणाऱ्या कथेनुसार कली कंकालीची मुले शंभू शेकने गुहेत कोंडली आणि तोंडावर मोठी शिळा लावली. जंगो रायतार या मातेने त्यांच्यासाठी जीव टाकला. पहांदी पारी कुपार लिंगो यांनी सुटकेचा मार्ग शोधला. हिरासुका या वादकाच्या संगीताने मुलांच्या अंगात बळ आले, त्यांनी आतून जोर लावला आणि शिळा निखळली. मुले सुटली, पण हिरासुका शिळेखाली सापडला. पुढे लिंगोंनी या मुलांना शिकवले, त्यांची कुळे पाडली आणि जगण्याचे नियम घालून दिले. या नियमांनाच ‘कोया पुनेम’ म्हणतात.

१८६६ ची छापील कथा वेगळी का?

ही कथा पिढ्यान्‌पिढ्या परधान गायकांनी तोंडपाठ जपली. तिची एक आवृत्ती नागपूरचे स्कॉटिश मिशनरी स्टीफन हिस्लॉप यांनी टिपून घेतली. १८६३ मध्ये नदीत बुडून त्यांचा मृत्यू झाला. त्यांची टिपणे रिचर्ड टेंपल यांनी १८६६ मध्ये प्रसिद्ध केली. नागपुरातील हिस्लॉप कॉलेज त्यांच्याच नावाचे.

त्या आवृत्तीत कोंडणारा महादेव आहे आणि कारण आहे गोंडांची अस्वच्छता. ते आंघोळ करत नाहीत, काहीही खातात, म्हणून त्यांना खारीच्या मागे पळायला लावून गुहेत बंद केले जाते. चार भाऊ तेवढे वाचतात. लिंगो त्यांना शहाणे करतो, पण त्यांच्या बायकांच्या खोट्या आरोपावरून तेच त्याचा जीव घेतात. लिंगो पुन्हा जिवंत होतो आणि उरलेल्या गोंडांना सोडवायला निघतो.

नागपूरचे भाषातज्ज्ञ मोतीरावण कंगाली यांच्यासारख्या गोंडी अभ्यासकांनी अलीकडच्या काळात ही कथा समाजाच्या बाजूने पुन्हा मांडली. त्यांच्या मांडणीत महादेवाच्या जागी शंभू शेक आहे. कोंडली गेली ती घाणेरडी माणसे नव्हेत, वळण न लागलेली लहान मुले होती. कथेचा सांगाडा तोच आहे. ‘आम्ही कोण’ याचे उत्तर मात्र बदलते.

बायबलच्या कथेशी फरक काय?

बायबलमधील उत्पत्तीच्या पुस्तकात आदम आणि हव्वा एदेन बागेत सुखाने राहतात. मनाई केलेले फळ खातात आणि बागेबाहेर काढले जातात. कष्ट, वेदना, मृत्यू हे सारे त्या चुकीचे फळ. इंग्रजी कवी मिल्टनने १६६७ मध्ये ‘पॅरडाइज लॉस्ट’ हे महाकाव्य याच विषयावर लिहिले.

मराठीत ही कथा त्याच्याही ५१ वर्षे आधी आली होती. मूळचे इंग्लंडचे फादर थॉमस स्टीफन्स १५७९ मध्ये गोव्यात आले. त्यांचे सुमारे ११ हजार ओव्यांचे ‘ख्रिस्तपुराण’ १६१६ मध्ये रायतूर येथे छापले गेले. त्याच्या पहिल्या भागात सृष्टीची उत्पत्ती आणि आदम-हव्वेचे पतन येते. इथल्या श्रोत्यांना कळावे म्हणून स्वर्गासाठी त्यांनी ‘वैकुंठ’ हाच शब्द वापरला.

दोन्ही कथा शेजारी ठेवल्या की फरक दिसतो. एदेनमधून बाहेर पडणे ही शिक्षा आहे, तर कचारगडमधून बाहेर पडणे ही सुटका. एका कथेत सुख मागे राहिले, दुसरीत जगणे बाहेर आल्यावर सुरू झाले. गोंडी कथेतही चूक आहे. भाऊ लिंगोचा जीव घेतात. मात्र त्या चुकीचा डाग पुढच्या पिढ्यांवर येत नाही.

निषिद्ध फळ गोंडी परंपरेत आहे का?

आहे, पण एकच नाही. लिंगोंनी ७५० कुळे पाडली, अशी मान्यता आहे. प्रत्येक कुळाने ठरावीक प्राणी, पक्षी आणि झाड जपायचे. त्या प्राण्याला मारायचे नाही, त्या झाडावर कुऱ्हाड चालवायची नाही. काही आडनावांतच झाड दडलेले आहे. मरकाम म्हणजे आंबा, टेकाम म्हणजे साग. एका कुळाला जे वर्ज्य, ते दुसऱ्याला चालते. त्यामुळे जंगलातील बहुतेक सजीवांना कुणी ना कुणी राखणदार मिळतो.

लग्नाचे नियमही यातूनच येतात. चार, पाच, सहा आणि सात देवे असे गट आहेत. सारख्याच संख्येच्या देवांच्या घरांत सोयरीक होत नाही. आजही स्थळ पाहताना ‘किती देवे?’ हा प्रश्न आधी विचारला जातो.

पृथ्वी कशी झाली?

मंडला भागातील गोंड-बैगांच्या कथेत सगळीकडे पाणीच पाणी असते. कावळा माती शोधायला निघतो, त्याला खेकडा भेटतो. खेकडा पाण्याच्या तळाशी गांडुळाला पकडतो आणि गांडुळाने गिळलेली माती बाहेर काढतो. त्या मातीची पृथ्वी होते. व्हेरिअर एल्विन यांनी १९४९ च्या पुस्तकात मध्य भारतातील अशा अनेक कथा एकत्र केल्या. माणूस येण्याआधीच लहान जीवांनी त्याच्यासाठी जागा केली, असे ही कथा सांगते.

आजच्या प्रश्नांशी याचा संबंध काय?

देव डोंगरात, गुहेत, झाडात असेल, तर त्या जागेला हात लागताच श्रद्धेचा प्रश्न उभा राहतो. गडचिरोलीच्या एटापल्ली तालुक्यात सुरजागडच्या डोंगरावर ठाकूरदेवाची यात्रा जानेवारीत भरते. त्याच डोंगररांगेत लोहखनिजाचे उत्खनन सुरू आहे. एकीकडे रोजगाराची अपेक्षा आहे, तर दुसरीकडे देवाचा डोंगर जाण्याची भीती. यात्रेच्या निमित्ताने अनेक गावांनी खाणीविरोधात आवाज उठवला आहे.

ओडिशातील नियमगिरीच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने १८ एप्रिल २०१३ रोजी आदिवासींच्या धार्मिक हक्कांचा विचार ग्रामसभांनी करावा, असा निकाल दिला. त्यानंतर १२ ग्रामसभांनी खाण नाकारली. या निकालाचा आधार २००६ चा वनहक्क कायदा होता. याच कायद्याखाली २००९ मध्ये धानोरा तालुक्यातील मेंढा (लेखा) गावाला सुमारे १८०० हेक्टर जंगलावर सामूहिक हक्क मिळाला.

जनगणनेत काय पणाला लागले आहे?

जनगणनेच्या अर्जात हिंदू, मुस्लिम, ख्रिश्चन, शीख, बौद्ध, जैन या सहा धर्मांना स्वतंत्र क्रमांक आहे. बाकीचे ‘इतर’मध्ये जातात. २०११ मध्ये देशभरात सुमारे ७९ लाख लोक ‘इतर’ गटात मोजले गेले. त्यात ‘सरना’ लिहिणारे सुमारे ४९ लाख, तर ‘गोंडी’ धर्म लिहिणारे सुमारे १० लाख होते. त्याच जनगणनेत गोंडी मातृभाषा सांगणारे मात्र सुमारे २९ लाख होते.

म्हणूनच स्वतंत्र धर्मसंकेताची मागणी होते आहे. झारखंड विधानसभेने नोव्हेंबर २०२० मध्ये ‘सरना’साठी तसा ठराव केला. पुढील जनगणनेचा संदर्भदिन १ मार्च २०२७ आहे.

धर्माच्या रकान्यात वेगळे नाव लिहिले तर आरक्षण जाईल, अशी शंका अनेकांना असते. अनुसूचित जमातीचा दर्जा धर्मावर अवलंबून नाही, त्यामुळे ती निराधार आहे. अर्ज भरून घेणारा दारात येईल तेव्हा धर्माचे नाव स्वतः सांगणे आणि तेच लिहिले गेले का ते पाहणे, एवढे प्रत्येक कुटुंबाच्या हातात आहे.