रोमच्या काळातलं आपलं गोदाकाठचं राज्य

नकाशावर पैठण आणि तेर यांना जोडणारी सरळ रेघ ओढा, ती बीडजवळून जाते! पैठण सातवाहनांची राजधानी, तर तेर म्हणजे ग्रीक व्यापाऱ्यांचं 'तगर'. 'पेरिप्लस' या पहिल्या शतकातल्या ग्रीक ग्रंथात तगर पैठणपासून पूर्वेला 10 दिवसांच्या वाटेवर सांगितलंय. तिथलं कापड गाड्यांतून भडोचला आणि पुढे जहाजांनी परदेशी जायचं.

मला मात्र राजांपेक्षा त्या काळातला नागरी व्यवहार जास्त भावतो. नाशिकच्या 10 क्रमांकाच्या लेण्यातला लेख बघा. सातवाहनांचा प्रतिस्पर्धी असलेल्या क्षत्रप नहपानाचा जावई उषवदात यानं 3000 कार्षापण (त्या काळची नाणी) विणकरांच्या दोन श्रेणींकडे, म्हणजे व्यावसायिक संघांकडे, कायम ठेव म्हणून ठेवले : 2000 महिना शेकडा 1 दरानं, 1000 पाऊण दरानं. मुद्दलाला हात लावायचा नाही. दोन हजारांच्या व्याजातून 20 भिक्षूंना प्रत्येकी 12 कार्षापण, वस्त्रासाठी. हा व्यवहार निगमसभेत, म्हणजे नगराच्या सभेत, वाचून दाखवला, नोंदवला आणि दगडात कोरला. सत्ताधाऱ्याचा जावई विणकरांवर एवढा विश्वास टाकतो, हे विलक्षण आहे.

पुढे सातवाहन राजा गौतमीपुत्र सातकर्णीनं नहपानाला हरवलं. त्याच्या आईच्या, गौतमी बलश्रीच्या लेखात तो प्रजेच्या सुखदुःखात सहभागी असल्याचं आणि धर्माला धरूनच कर घेत असल्याचं कोरलंय. तो लेख 3 क्रमांकाच्या लेण्यात आहे. नाशिकला गेलात तर नक्की बघा.