गालातली गाठ आणि मानेवरचा छेद

आमच्या चांदूर बाजारात तोंडाच्या कॅन्सरचे निदान झालेल्या घरात एक प्रश्न हमखास ऐकू येतो : "गाठ गालात हाय, तं मान कायले कापता?" हा प्रश्न अडाणीपणाचा नाही. त्याचे उत्तर शोधता शोधता मी पेशींच्या चिकटपणाच्या शास्त्रापाशी येऊन पोहोचलो.

गालाच्या अस्तरातील पेशी एकमेकींचे हात धरून असतात. हे हात म्हणजे पेशींवरील प्रथिने. जपानचे मासातोशी ताकेइची यांनी त्यांतील एका कुळाला 'कॅडहेरिन' हे नाव दिले. कॅल्शियम असेल तरच ही पकड टिकते. दुसरे कूळ 'इंटेग्रिन'. ते पेशीला खालच्या थराशी जखडते.

सुपारी-तंबाखूच्या खर्‍याने वर्षानुवर्षे पोळलेल्या अस्तरात कॅन्सर झाला, की पुष्कळदा ई-कॅडहेरिन कमी होते. मग पेशी सुटतात, खालचा थर भेदतात आणि लसिकावाहिन्यांत शिरतात. त्यांचा पहिला मुक्काम बहुधा मानेतील ग्रंथींत पडतो. ही पकड किती मोलाची, ते १९९८ मध्ये न्यूझीलंडच्या माओरी कुटुंबांनी दाखवले. ई-कॅडहेरिनच्या जनुकातील दोष त्यांच्यात पिढ्यानपिढ्या जठराचा कॅन्सर घेऊन आला होता.

पण गणित इतके सरळ नाही. स्तनाच्या कॅन्सरवरील २०१९ च्या प्रयोगांत ई-कॅडहेरिन काढून घेतलेल्या पेशी भटकल्या खूप, पण दूर जाऊन रुजल्या कमी. म्हणजे सुटायचे कसे आणि पुन्हा धरायचे कसे, या दोन्ही विद्या या शत्रूला लागतात. खारघरच्या 'अ‍ॅक्ट्रेक' संस्थेतही तोंडाच्या कॅन्सरपेशींतील इंटेग्रिनवर संशोधन झाले आहे.

आता मूळ प्रश्न. मुंबईच्या टाटा रुग्णालयातील डॉ. अनिल डिक्रूझ व सहकार्‍यांनी २०१५ मध्ये उत्तर दिले. प्रारंभीच्या तोंडाच्या कॅन्सरमध्ये मानेतील ग्रंथी पहिल्याच शस्त्रक्रियेत काढल्या, तेव्हा तीन वर्षांनी ८० टक्के रुग्ण हयात होते. मानेत गाठ दिसेपर्यंत थांबलेल्यांत ६७.५ टक्के. बोटांना गाठ लागण्याआधीच सुटलेल्या पेशी तिथे पोहोचलेल्या असू शकतात, म्हणून मान.

तुटलेली पकड पुन्हा जोडणारे औषध आज दवाखान्यात मिळत नाही. "तुकडा काढला की कॅन्सर पसरतो" या भीतीने तपासणी टाळणार्‍यांना मी एवढेच सांगेन : पेशी सुटायला सुरीची वाट पाहत नाही. तीन आठवड्यांत न भरणारी जखम, पांढरा-लाल चट्टा, आखडत चाललेले तोंड, यांपैकी काहीही दिसले तर संत्र्याचा बहार आटोपायची वाट पाहू नका. अन् खर्‍याची पुडी आजच फेका.